डीजेवाल्याचं रुसणं

सावरगावच्या गुणवंता घागरेला देवानं तसं भरभरून दिलं होतं. जाम नदीच्या काठाला पक्कं घर, रजनीसारखी शहाणी बायको, दोन एकर संत्रा, आणि जुन्या ट्रकवर रचलेले स्पीकरचे अठरा डबे. हे डबे म्हणजे त्याचा डीजे. त्यांचा बेस सुरू झाला की नदीपलीकडे पांढुर्ण्यात टपरीवरचे कप बशीत थरथरायचे, आणि तिथले म्हातारे सावरगावच्या दिशेनं बघून अशा काही शिव्या घालायचे की दोन गावांमधल्या दगडफेकीच्या गोटमारीला वर्षातून वेगळा दिवस कशाला ठेवलाय, असा प्रश्न पडावा. एवढं सगळं असून गुणवंताच्या मनात एक खंत होती. त्याला आजवर कोणी नारळ दिला नव्हता.

नारळ दुकानात मिळतो हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला हवा होता तो वाजंत्र्याचा नारळ. या भागात लग्न लागायच्या आधी मुलीचा बाप सनईवाल्याच्या हातात नारळ देतो, खांद्यावर कोरा दुपट्टा टाकतो आणि हात जोडतो. मगच सनई मांडवात शिरते. डीजेवाल्याच्या वाट्याला यातलं काहीच नाही. त्याला पाण्याची बाटली देतात, ट्रकच्या चाकाशी जेवणाचं ताट देतात, आणि दोन सोयरे एकाच वेळी येऊन एक आवाज वाढवायला सांगतो, दुसरा कमी करायला. बारा वर्षांत गुणवंतानं शेकडो वराती नाचवल्या होत्या. नातसुनांच्या सासवा नाचवल्या, पटवारी नाचवले, सौसरला तर पायाला प्लास्टर असलेला एक मामा कुबडीसकट नाचवला. नारळ मात्र प्रत्येक वेळी त्याच्या नाकासमोरून सनईवाल्याकडे गेला.

आणि दुखणं असं, की तो सनईवाला बहुतेक वेळा त्याचा सासराच असायचा.

लोधीखेड्याचे रघुनाथराव चाळीस वर्षं सनई फुंकत होते. पण त्यांचा खरा दबदबा होता तो त्यांच्या रुसण्याचा. वीसेक वर्षांमागे सौसरच्या एका लग्नात त्यांना दिलेल्या दुपट्ट्यावर चहाचा डाग निघाला. रघुनाथराव उठले. सनई पिशवीत घातली आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसले. मुहूर्त टळला, भात थंड झाला, नवरीच्या आत्याला घेरी आली. दुपारी चार वाजता मुलीचा बाप नवा दुपट्टा घेऊन पाराशी आला, तेव्हा कुठे लग्न लागलं. त्या जोडप्याची मुलं आता कॉलेजात आहेत, पण लग्न कधी झालं असं विचारलं तर नवराबायको दोघं अजून "डागाच्या साली" असंच सांगतात.

गेल्या दिवाळीत सासुरवाडीच्या ओसरीवर गुणवंतानं एकदाचा विषय काढला. रघुनाथराव सुपारी कातरत होते.

"मामाजी, बारा वर्सं झाले. मी बी तुमच्यासारखाच वाजवून राहिलो ना?"

"तुमी वाजवत नाई, जवाईबुवा. तुमी लावता. टीव्ही लावणाऱ्याले कोणी नट म्हणते का?"

"पण दोन गाणे जोडाले कान लागते. मी असे जोडतो का कोणाले समजत बी नाई."

"कोणाले समजत नाई, त मंग केलं कायले?"

 रघुनाथरावांना जावयाची थोडी दया आली असावी, कारण त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सोपं सांगतो. ज्याच्या रुसण्यानं लगन थांबते, तो वाजंत्री. मी रुसलो होतो त काय झालं, साऱ्या सौसरले मालूम हाय. तुमी एकदा रुसून पाहा. लोक म्हणतीन, जवाई कुठं गेला, भजे खाऊन राहिला असन."

हे शब्द गुणवंताच्या वर्मी लागले. कारण जोड ही त्याची जान होती. जे इतर डीजेवाले नॉनस्टॉप म्हणून कुठूनतरी आयतं आणतात, ते तो घरी बसून स्वतः बनवायचा. एका गाण्याचा ठेका दुसऱ्याच्या ठेक्यात असा मिसळायचा की नाचणाऱ्याचा पाय उचलताना एक गाणं असावं आणि टेकताना दुसरं. त्यासाठी दोन-दोन आठवडे कान लावून बसायचा. कान तर असा तयार, की शेतातली पाण्याची मोटर कोणत्या सुरात चालते हेही सांगायचा. ती पेटीच्या काळी एक पट्टीत चालायची, म्हणजे नेमक्या रघुनाथरावांच्या सनईच्या सुरात. ही आनंदाची बातमी त्यानं एकदा सासऱ्यांना मोठ्या प्रेमानं सांगितली होती. त्यानंतर रघुनाथराव महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

एरवीही काय बोलायचे म्हणा. रघुनाथराव चुका काढायचे त्या वाजवणाऱ्यांच्या. त्यांचा जोडीदार गजानन पंचवीस वर्षं त्यांच्याबरोबर सनई धरत होता, आणि पंचवीस वर्षं रोज एकतरी चूक पदरात घेऊन घरी जात होता. गुणवंताची मात्र त्यांनी बारा वर्षांत एकही चूक काढली नव्हती. त्याला ते फक्त "आवाज कमी करा" एवढंच सांगायचे, जसं माणूस मिक्सरला किंवा वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला वैतागून सांगतो.

वैशाखात धाकट्या साळीचं, स्नेहाचं लग्न ठरलं. नवरदेव सौसरचा, नाव विजय. मुलीचे बाप असल्यामुळे रघुनाथरावांना स्वतः सनई धरता येणार नव्हती, ती गजानन वाजवणार होता. डीजे जावयाकडून भेट. गुणवंतानं ट्रक धुतला, डब्यांवर झालर लावली, आणि मनाशी पक्कं केलं: या लग्नात आपला मान झाला तर ठीक, नाही तर रुसायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दगड खाऊनही लोक जागचे हलत नाहीत अशा गावचा माणूस तो. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

लग्नाच्या दिवशी अकरा वाजता वरात मांडवाच्या दारात आली. मुहूर्त होता अकरा चाळीसचा. वरातीतली शंभरेक माणसं गुणवंताच्या खास नॉनस्टॉपवर घामाघूम होऊन नाचत होती. रघुनाथराव नवा फेटा सावरत पुढे आले. त्यांनी गजाननला नारळ दिला, खांद्यावर दुपट्टा टाकला, हात जोडले. गुणवंता शेजारीच उभा होता, नवा शर्ट घालून, दुपट्टा टाकायला बरं पडावं म्हणून एक खांदा जरासा खाली करून. रघुनाथराव त्याच्याकडे वळले. "जवाईबुवा, आवाज जरा कमी करा," ते म्हणाले आणि निघून गेले.

झालं. गुणवंता रुसला.

रुसण्याआधी त्यानं मशीन बंद करायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण समोर माणसं नाचत होती. चालू गाणं मधेच तोडणं जीव गेला तरी त्याच्या हातून झालं नसतं. हे गाणं संपलं की आपोआप शांत होईल आणि मग लोकांना कळेल, असा त्यानं विचार केला. कसा केला, देव जाणे. ते नॉनस्टॉप त्यानंच बनवलं होतं. पावणेदोन तास त्यात गाणं संपतच नव्हतं, आणि पावणेदोन तासांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. सवयीनं त्यानं मशीन आणि जनरेटरच्या लोखंडी जाळीला कुलूप घातलं. मागे एका लग्नात कोणीतरी मशीनवर सरबताचं भांडं पालथं केलं होतं, तेव्हापासूनची ही जाळी. किल्ली करदोड्याला बांधली आणि मांडवापासून पन्नास पावलांवर, कडुनिंबाखाली, संत्र्याची रिकामी कॅरेट उलटी करून तो तोंड फिरवून बसला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. कोणी आलं नाही. वरात मजेत नाचत होती. मधेच त्याची सगळ्यात आवडती जोड आली, जिच्यावर त्यानं सबंध माघ महिना घालवला होता. शंभर माणसं एका गाण्यातून दुसऱ्यात गेली आणि एकाचाही पाय चुकला नाही. गुणवंताला हुंदका आला. जोड इतकी बेमालूम होती की ती करणारा जागेवर नाही, हे कोणाला कळायची सोयच उरली नव्हती.

विसाव्या मिनिटाला त्याचा साळा योगेश पाण्याची टाकी बघायला तिकडून चालला होता. त्याला भाऊजी दिसले. तोंड फिरवलेलं, हाताची घडी, जेवणाची इच्छा नाही. योगेशनं लगेच ओळखलं आणि धावत जाऊन आईला सांगितलं, "मोठे जवाई रुसले."

आता जावई रुसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. त्याची तयारी प्रत्येक लग्नघरात असते. सासूबाईंनी लगोलग टॉवेल-टोपी पाठवली. गुणवंतानं मान हलवली. शर्ट-पँटचं कापड आलं. त्यानं मान हलवली. योगेशनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढली. तीही नको म्हटल्यावर घरात घबराट झाली, कारण अंगठीच्या वरचं रुसणं या घराण्यानं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी चार जणांनी मिळून स्नेहासाठी घेतलेला कूलर उचलून आणला आणि कडुनिंबाखाली त्याच्यासमोर ठेवला.

रजनी पदर खोचून आली. "अहो, काय पायजे ते सांगून टाका ना. आईचं बीपी वाढून राहिलं."

"मले काही नको. मी जवाई म्हणून रुसलो नाई."

"मंग कोण म्हणून रुसले?"

"वाजंत्री म्हणून."

रजनीनं हा निरोप मांडवात नेला, तेव्हा तिथे मोठा पेच पडला. असं रुसता येतं का, हेच कोणाला माहीत नव्हतं. एक मावशी म्हणाली, माणूस एका वेळी एकच कोणीतरी म्हणून रुसू शकतो, आणि जावई आधीचा. दुसरी म्हणाली, डीजे त्याच्या लग्नाच्या आधीपासून होता, तेव्हा डीजे आधीचा. तोवर घोड्यावर बसलेल्या विजयला कूलर आपल्यासमोरून दुसऱ्या जावयाकडे गेलेला दिसला होता. तो काही उतरायला तयार होईना. आपल्याला काय मिळणार हे कळल्याशिवाय आपणही रुसलो आहोत असं समजावं, असं त्यानं मामाकरवी कळवलं. म्हणजे एका मांडवात दोन जावई रुसलेले, आणि त्यातला एक जावई म्हणून रुसलेलाच नाही.

साडेअकरा झाले. भटजींनी खूण केली, बाजा बंद करा, मंगलाष्टकं सुरू करायची आहेत. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं की डीजे चालू आहे आणि तो बंद कोणाला करता येत नाही.

योगेश जाळीला लोंबकळला. कुलूप हललं नाही. मोटर बांधायचं दुकान असलेला चुलतभाऊ विनोद पुढे झाला, "सरका, मले मालूम हाय," म्हणाला, आणि जाळीतून बोट घालून त्यानं एक वायर ओढली. त्याबरोबर धुराची मशीन सुरू झाली आणि सबंध मांडव ढगात गेला. भटजी हिमतीचे. त्यांनी तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा करून पहिलं मंगलाष्टक म्हणूनही पाहिलं. पण ते ऐकू कोणालाच आलं नाही, आणि गाण्यात मोठा ठेका पडताच तीच "सावधान"ची खूण समजून दोनशे माणसांनी हातातल्या सगळ्या अक्षता टाकल्या. धुरात त्या पडल्या गजाननवर. नवरी अजून घरात होती आणि नवरदेव घोड्यावर.

रघुनाथराव धुरातून बाहेर आले. फेट्यावर अक्षता होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, घोड्यावरच्या जावयाकडे पाहिलं, कडुनिंबाखालच्या जावयाकडे पाहिलं.  त्यांना ओसरीवरचं आपलंच बोलणं आठवलं असणार, कारण ते आत गेले आणि एक नारळ आणि एक कोरा दुपट्टा घेऊन कडुनिंबाकडे निघाले. त्यांच्यामागे सगळं लग्नघर निघालं.

त्या गदारोळात जवळ उभं राहूनही ओरडूनच बोलावं लागत होतं.

"जवाईबुवा, लगन थांबलं," रघुनाथराव त्याच्या कानाशी ओरडले.

गुणवंता कॅरेटवरून उठून उभा राहिला.

"माह्याच तोंडचा शब्द हाय. नारळ तुमचा." त्यांनी नारळ त्याच्या हातात दिला, हातही जोडले. मग दुपट्टा मात्र स्वतःच्याच खांद्यावर टाकला. "पण एक सांगतो. आमाले हा वाजवाचा भेटते. तुमाले थांबवाचा भेटून राहिला. दुपट्टा वाजवणाऱ्याचा असते. तो मी देत नाई."

बारा वर्षं वाट पाहिलेला नारळ हातात आला आणि गुणवंताला रडावंसं वाटलं.  म्हातारा खरं बोलला होता. गुणवंता ट्रककडे गेला, कुलूप काढलं, नारळ मशीनवर ठेवला. मुहूर्ताला सहा मिनिटं उरली होती. एक बटण दाबलं की काम संपत होतं.

त्याचा हात बटणावर गेला आणि समोर गजानन दिसला. सनईला फुंकायची पत्ती लावून, कपाळावरच्या अक्षता झटकत, बिचारा तयार होऊन उभा. गुणवंताला माहीत होतं पुढे काय होतं ते. प्रत्येक लग्नात हेच व्हायचं. डीजे खाडकन बंद होतो, लोकांच्या कानात शिट्या वाजत राहतात, सगळे पूर्वीइतकंच ओरडून बोलत राहतात, आणि सनईचे पहिले सूर कोणाच्याही कानावर न पडता वाया जातात. सासऱ्यांचे असे किती सूर आपण बारा वर्षांत वाया घालवले असतील, हा विचार त्याच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला. त्याला लाज वाटली.

त्यानं बटण सोडलं आणि कानाला हेडफोन लावला. आधी बेस काढला, एकदम नाही, थोडा थोडा. नाचणाऱ्यांचे पाय जड झाले. मग ताशा काढला. पाय थांबले, नुसते खांदे हलत राहिले. मग गाणाऱ्याचा आवाज विरघळवला. उरला एक लांब सूर, मागे कुठेतरी भरून राहिलेला. तो वरचा होता. गुणवंतानं तो हळूहळू खाली आणला, शेतातल्या मोटरीच्या सुरावर, काळी एकवर, आणि तिथे धरून ठेवला. मांडवात कोणी कोणाला गप्प बस म्हटलं नाही, तरी सगळे गप्प झाले. विजय घोड्यावरून उतरला. आपण कशासाठी रुसलो होतो हे तो तेवढ्यापुरतं विसरला असावा. स्नेहा बाहेर आली, अंतरपाट धरला गेला. गजाननला सूर शोधावाच लागला नाही. त्यानं सनई ओठाला लावली आणि त्या सुरावर पाऊल ठेवलं. खालचा सूर कधी निघून गेला हे कोणालाच कळलं नाही.

फक्त रघुनाथरावांनी मुलीच्या मागे उभं राहून एकदा मान वळवली आणि ट्रककडे पाहिलं.

लग्न लागलं. दोन्ही जावयांना एकच कूलर कसा द्यायचा यावर नंतर बरीच खलबतं झाली, आणि तो शेवटी विजयकडे गेला. जेवणं उठायच्या वेळेला गुणवंता सवयीनं ट्रकच्या चाकाशी ताट घेऊन बसला होता. रघुनाथराव आले. कॅरेट ओढून समोर बसले आणि सुपारी कातरू लागले.

"तो सूर मुद्दाम धरला का?"

"हाव."

"काळी एक."

"तुमचीच हाय, मामाजी. बारा वर्सं ऐकून राहिलो."

रघुनाथरावांनी सुपारी तोंडात टाकली. ते मोटरीबद्दल काही बोलले नाहीत. "लवकर सोडला," ते म्हणाले.

"काय?"

"सूर. लवकर सोडला तुमी. गजाननची फूक भरली नव्हती अजून. पयल्या ओळीच्या शेवटी हालला तो. अर्धा मिनिट अजून धराले पायजे होता. अन् खाली उतरवताना मधात एक जागी घाई केली." त्यांनी बोटानं हवेत ती जागा दाखवली, अगदी गजाननला दाखवायचे तशी. "घाई करू नये. लोक कुठं जाऊन राहिले?"

एवढं बोलून ते पाहुण्यांकडे गेले. दुपट्टा त्यांच्याच खांद्यावर होता.

ऊन कलल्यावर ट्रक सावरगावकडे निघाला. रजनी पुढे बसली होती, मांडीवर नारळ घेऊन. तिचं मन बापावर खट्टू झालं होतं. "बाबानं दुपट्टा नाईच दिला ना तुमाले," ती म्हणाली.

"दुपट्ट्याचं काय घेऊन बसली," गुणवंता म्हणाला. रस्ता नीट दिसावा म्हणून त्यानं दोनदा डोळे पुसले. "बाबानं माही चूक काढली."

पांढुर्ण्याचा पूल येईपर्यंत त्यानं तिला ती चूक तीन वेळा समजावून सांगितली.